उघडं दार

माझ्या शिवणवर्गाच्या खोलीत भिंतीवर मरियामातेचा एक फोटो होता. माझ्या आईला तिच्या आईकडून मिळालेला, कोपऱ्यात काच तडकलेला. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी वसईतल्या आमच्या वाडीतली ती खोली रिकामी केली, चार शिलाई मशिनं मांडली आणि नवरा गेलेल्या किंवा नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना शिकवायला लागले. वर्ग सुरू होण्याआधी मी फोटोपुढे मेणबत्ती लावून दोन मिनिटं उभी राहायची. कुणाला माझ्यासोबत उभं राहायला सांगितलं नाही. कुणी येऊन राहिलीच, तर तिला जा असंही म्हटलं नाही.

एका वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या आठवड्यात एकीचा भाऊ दारात येऊन उभा राहिला. “टीचर, इथं नक्की काय शिकवता? आणि पंधरा ऑगस्टला वंदे मातरम् म्हणता ना?” पस्तीस वर्षं शाळेच्या पटांगणावर मी ते मुलांकडून म्हणवून घेतलं होतं. तसं सांगितलंही. पण त्याला उत्तर ऐकायचंच नव्हतं. त्या आठवड्यात सहाजणी यायच्या थांबल्या. एकीचा ब्लाउज अर्धाच राहिला, बाही नुसती टाचून ठेवलेली. मी फोटो आतल्या खोलीत नेला.

त्याच दिवसांत मी पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा वाचायला काढलं. पुण्यात 1893 साली त्यांच्या शारदा सदनावर, विधवा मुलींसाठी काढलेल्या शाळेवर, जे वादळ आलं, ते मला आधी फक्त इतिहासातलं एक प्रकरण म्हणून ठाऊक होतं.

रमाबाई मूळच्या डोंगरे. वडील अनंतशास्त्री यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले. भावासोबत पायी देश फिरत बाई कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. लग्न झालं, दोन वर्षांतच नवरा गेला, पदरात लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्यावर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात त्यावर काहूर उठलं. जोतीराव फुल्यांनी मात्र 1885 च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली.

त्या ख्रिस्ती झाल्या म्हणजे परक्यांच्या झाल्या, असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसावी. इंग्लंडच्या मठात त्यांना जो क्रूस देऊ केला होता, त्यावर लॅटिन अक्षरं होती. त्या म्हणाल्या, मला लॅटिन कळत नाही, माझ्या देशबांधवांनाही कळत नाही. मला संस्कृत हवं. शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. मठातल्या सिस्टरांना त्या हट्टी वाटल्या. इकडे पुण्याला त्या गोऱ्यांच्या हातातलं बाहुलं वाटल्या. दोन्हीकडून बोल खाल्लेल्या या बाईबद्दल मला फार जवळीक वाटते. आम्हा वसईच्या ख्रिस्ती माणसांना हे दोन्हीकडचं ऐकणं सवयीचं आहे.

11 मार्च 1889 ला मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडलं. पैसा अमेरिकेतून यायचा; बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. अट एकच, धर्म शिकवायचा नाही. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक, ग्रंथालयात बायबलही आणि हिंदूंचे धर्मग्रंथही. उद्‌घाटनाला अध्यक्ष होत्या काशीबाई कानिटकर. त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ज्या मोजक्या बायका प्रतिनिधी होत्या, त्यांत रमाबाई एक. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती, म्हणून ब्राह्मण घरांनी आपल्या विधवा मुली तिथे धाडल्या.

भांडणाचं मूळ एका दारात होतं. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला जवळ घेऊन बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. मुली येऊन बसायला लागल्या. त्या कोवळ्या मुलींना घरी कुणी शेजारीही बसवून घेत नव्हतं. इथे एक बाई डोळे मिटून शांत बसलेली दिसायची आणि तिच्याजवळ जागा असायची. त्या का येऊन बसत, हे मला सांगायला ग्रंथ नको. माझ्या वर्गातही त्या दोन मिनिटांत माझ्या बाजूला येऊन उभी राहणारी एक होती. ती माळकरी घरातली, तिला ख्रिस्ती व्हायचं नव्हतं. तिला फक्त कुणाजवळ तरी उभं राहायचं होतं.

‘केसरी’नं हे प्रकरण लावून धरलं. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात सदनातल्या मुलींचा कल ख्रिस्ताकडे असल्याचं छापून आलं होतं, त्यानं आगीत तेल पडलं. ऑगस्ट 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांनी संबंध तोडला. वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. त्याच महिन्यात मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली होती; शंका घ्यायला सगळेच तयार होते.

मी रमाबाईंच्या बाजूची आहे, तरी पालकांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांना धर्मनिरपेक्ष शाळा सांगितली होती आणि मुलगी सकाळी प्रार्थनेला बसते हे त्यांना वर्तमानपत्रातून कळलं. ते आधीच, घरी पत्र पाठवून कळवायला हवं होतं. पण बाईंनी दार लावून घ्यायला हवं होतं, हे मात्र मला पटत नाही. आपली प्रार्थना लपवून करणारी बाई त्या मुलींना काय धीर देणार होती? आणि मुलींना काय हवं, हे त्या सगळ्या गदारोळात कुणी विचारलं?

ख्रिस्ती माणसावरचा हा संशय वसईत तर आणखी जुना. 1534 पासून 1739 पर्यंत इथे पोर्तुगिजांचा अंमल. त्यांनी देवळं पाडली, धर्म बदलले. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर चर्चच्या घंटा उतरवून नेल्या गेल्या. त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक वाईजवळ मेणवलीला, तिच्यावर मरिया आणि बाळ कोरलेलं. माझ्या दारात आलेला तो भाऊ कोऱ्या मनानं आला नव्हता, हे मला कळतं. आमच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं, हिरव्या वसईसाठी रस्त्यावर उतरले, त्यांची 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झालाच. त्या बातम्या वाचताना मला पोटात कालवल्यासारखं झालं होतं.

शारदा सदन मोडलं नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं आणि दुष्काळातल्या शेकडो बायका-मुलींना तिथे आसरा मिळाला. सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होती गोदूबाई, बालविधवा. सदन उघडल्याला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, 11 मार्च 1893 ला, तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि ती आनंदीबाई झाली. तिला सगळे बाया म्हणत. कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. बायानं त्यासाठी दारोदार पैसे गोळा केले. म्हातारपणी तिनं ‘माझे पुराण’ लिहिलं. ती शेवटपर्यंत हिंदूच राहिली, आणि ज्या बाईनं तिला धर्मभ्रष्ट केलं असतं असं पुणं म्हणत होतं, तिच्याबद्दल तिच्या मनात माया होती.

माझ्या त्या सहाजणींतल्या दोघी परत आल्या. अर्ध्या ब्लाउजवाली एकदा दुपारी आली, मशीनवर बसली, टाचलेली बाही उसवून नीट लावली. मग भिंतीकडे बघून म्हणाली, “टीचर, तुमची आई कुठे गेली?” मी आत जाऊन फोटो आणला. खिळा जागेवरच होता.