शंकूच्या छायेपासून उपग्रहापर्यंत : ठिकाण शोधण्याची कथा



घरांतलें पंचांग आपण तिथि, वार आणि नक्षत्र पाहण्यासाठीं उघडतों. परंतु तें पंचांग करणाऱ्या गणितज्ञाला आधीं एक प्रश्न सोडवावा लागतो : हें गणित कोणत्या गांवासाठीं करावयाचें? सांगलीस सूर्य उगवतो तेव्हां नागपुरास तो उगवून गेलेला असतो. म्हणून ग्रहांची गति जाणण्याइतकेंच स्वतःचें ठिकाण जाणणें आपल्या पूर्वजांना अगत्याचें वाटलें. आज विश्रामबागेंतील एखाद्या विद्यार्थ्याच्या तळहातावर मावणारें यंत्र तेंच ठिकाण कांहीं क्षणांत सांगतें. आणि त्या यंत्राच्या आधारानें उद्यानांत लपविलेली पेटी हुडकून काढण्याचा एक खेळ जगभर खेळला जातो. त्या खेळाची ओळख करून देतांना त्यामागची दीर्घ परंपरा सांगावी, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम जुनी रीत पाहूं. ज्या दिवशीं दिवस आणि रात्र समान असतात, त्या दिवशीं ऐन मध्यान्हीं १२ अंगुळें उंचीचा शंकु सपाट जमिनीवर उभा करावा व त्याची छाया मोजावी. या छायेला पळभा म्हणतात. कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं १५२० सालच्या सुमारास रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथांत या पळभेचें गणित आहे, आणि त्या ग्रंथावरून महाराष्ट्रांत शतकानुशतकें पंचांगें झालीं. सांगलीची पळभा सुमारें ३ अंगुळें ३८ व्यंगुळें येते. तीवरून निघणारा अक्षांश सुमारें १६ अंश ५१ कला. एक काठी, एक दोरी आणि निरभ्र दुपार एवढ्या सामग्रीवर माणूस विषुववृत्तापासून किती दूर आहे हें कळत होतें.

रेखांशाचें काम मात्र इतकें सोपें नव्हतें. सूर्य पूर्वेच्या गांवीं आधीं आणि पश्चिमेच्या गांवीं मागाहून माथ्यावर येतो. दर अंशास चार मिनिटांचा फरक पडतो. भारतीय प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशाची. विश्रामबाग आहे सुमारें ७४ अंश ३६ कलांवर. म्हणून आपलें घड्याळ बारा वाजले असें सांगतें, त्यानंतर सरासरीनें ३२ मिनिटांनीं येथें खरी मध्यान्ह होते. अर्थात् रेखांश म्हणजे काळाचें अंतर होय. परंतु दोन दूरच्या गांवांतील वेळा ताडून कशा पाहाव्या? सूर्यसिद्धांतानें यावर सुंदर तोड सांगितली आहे. खग्रास चंद्रग्रहण सर्वांना एकाच क्षणीं दिसतें. तें गणितानें काढलेल्या वेळेपेक्षां आधीं दिसलें कीं मागाहून, यावरून आपण उज्जयिनीच्या रेषेच्या कोणत्या बाजूस आहों तें ठरवावें. सर्वांना एकदम दिसणारी आकाशांतली खूण आणि जवळ एक विश्वासू घड्याळ, ही त्या युक्तीचीं दोन अंगें. हीं आपण ध्यानांत ठेवूं, कारण पुढें तींच निराळ्या रूपानें भेटणार आहेत.

मधल्या काळांत जमीन मोजण्याचें काम आलें. १८०२ च्या १० एप्रिल रोजीं विल्यम लॅम्बटन यानें मद्रासेजवळ पायारेषेची मोजणी आरंभिली आणि त्रिकोणामागून त्रिकोण रचीत तो उत्तरेकडे सरकला. त्याचें कोन मोजण्याचें यंत्र सुमारें अर्धा टन वजनाचें होतें. तें टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवावें लागे. हें काम चालू असतांनाच १८२३ च्या जानेवारींत वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला, आणि तेथेंच त्याची कबर आहे. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यानें या मोजणीवरून पृथ्वीच्या आकाराचें मान १८३० सालीं बसविलें. आपल्या देशाचे जुने नकाशे त्याच मानावर उभे आहेत. त्या नकाशांच्या जुन्या क्रमांकपद्धतींत सांगली-विश्रामबाग ४७ एल/९ या पत्रकावर येतें. हे नकाशे राज्यकर्त्यांसाठीं निघाले होते. स्वातंत्र्यानंतरही सीमेच्या व किनाऱ्याच्या पट्ट्यांतील पत्रकें सामान्य माणसास सहजीं मिळत नसत. १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं भारत सरकारनें नवीं मार्गदर्शक तत्त्वें जाहीर करून नकाशे करण्यावरील बरींचशीं बंधनें सैल केलीं. जमीन ज्याची, त्याला तिचा नकाशा मिळावयास इतकीं वर्षें लागलीं.

आतां आकाशांतल्या खुणेकडे वळूं. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियाचा पहिला कृत्रिम उपग्रह वर गेला. अमेरिकेंतील दोघां शास्त्रज्ञांनीं, ग्यूअर व वाइफेनबाख यांनीं, त्याच्या रेडिओलहरींचा स्वर जवळ येतांना चढतो व दूर जातांना उतरतो, यावरून त्याचा मार्ग काढला. त्यावर त्यांच्या वरिष्ठानें उलटा प्रश्न विचारला : उपग्रहाचा मार्ग ठाऊक असेल, तर ऐकणाऱ्याचें ठिकाण काढतां येईल काय? या एका प्रश्नांतून सारी नवी विद्या निघाली. आज प्रचारांत असलेल्या जी. पी. एस. योजनेचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्यें उडाला. हे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसांतून दोनदां पृथ्वीप्रदक्षिणा करतात. प्रत्येकांत अणुघड्याळ असतें, आणि प्रत्येक जण ‘मी येथें आहें व आतां इतके वाजले’ असें अखंड सांगत असतो. तो निरोप पोंचावयास लागलेल्या वेळावरून अंतर निघतें. तीन अंतरांनीं ठिकाण ठरतें. हातांतल्या यंत्राचें साधें घड्याळ सुधारून घेण्यासाठीं चौथा उपग्रह लागतो. सूर्यसिद्धांतांतलें ग्रहण क्वचित् घडे. हें ग्रहण जणूं प्रत्येक क्षणीं घडतें. यांत आइन्स्टाइनचेंही काम आहे. वरचीं घड्याळें जमिनीवरच्या घड्याळांपेक्षां दिवसाला सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात. ती दुरुस्ती केली नाहीं तर एका दिवसांत दहा किलोमीटरांहून अधिक चूक सांचेल.

ही योजना लष्कराची होती. १ सप्टेंबर १९८३ रोजीं वाट चुकलेलें एक कोरियन प्रवासी विमान रशियनांनीं पाडलें आणि २६९ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर ही सेवा नागरिकांनाही विनामूल्य देण्याचें अमेरिकेच्या अध्यक्षांनीं जाहीर केलें. हातांत धरण्याजोगें पहिलें विक्रीचें यंत्र १९८९ सालीं निघालें. परंतु नागरिकांच्या लहरींत मुद्दाम चूक मिसळलेली असे, आणि ठिकाण शंभर मीटरांपर्यंत हुके. ही चूक मे २०००च्या आरंभीं काढून टाकण्यांत आली. लगेच ३ मे रोजीं ऑरेगॉन प्रांतांत डेव्ह उल्मर या गृहस्थानें एक बादली रानांत ठेवून तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. ज्याला सांपडेल त्यानें आंतून एक वस्तु घ्यावी, एक ठेवावी आणि वहींत नांव लिहावें, एवढाच नियम. याच खेळाला पुढें जिओकॅशिंग हें नांव पडलें. इंग्लंडांतील डार्टमूरच्या माळावर १८५४ पासून बाटलींत आपलें नांवपत्र ठेवण्याची चाल होती. तिला नवें आकाश मिळालें, इतकेंच.

हा खेळ आपल्याकडे आरंभावयाचा असेल तर सामग्री थोडी लागते. हातांतलें यंत्र, किंवा तसें काम करणारा दूरध्वनिसंचही चालेल. तें मोकळ्या आकाशाखालीं नेऊन कांहीं मिनिटें थांबावें. दाट आमराईंत किंवा उंच इमारतींच्या कडेस लहरी अडखळतात. यंत्रांत ‘डब्ल्यू. जी. एस. ८४’ हें मान निवडावें. जुन्या पत्रकावरून आंकडे घेतले असतील, तर तेथें एव्हरेस्टचें मान आहे हें विसरूं नये. दोन्हींतला फरक पेटीला झाडाच्या बुंध्यावरून उचलून रस्त्यापलीकडे नेण्याइतका पडतो. अक्षांशाची एक कला म्हणजे सुमारें १,८५० मीटर. तिचा हजारावा भाग दोन मीटरांहून कमी. यंत्र आपल्याला पांच-दहा पावलांच्या परिसरांत आणून सोडतें. तेथून पुढें पडद्यावरची दृष्टि काढून डोळ्यांनीं शोधावें : दगड हललेला आहे काय, ढोलींत कांहीं चमकतें काय?

पेटी ठेवणाराची जबाबदारी त्याहून मोठी. सार्वजनिक उद्यान महानगरपालिकेचें असतें. तिची अनुज्ञा घ्यावी. खणूं नये, झाडाला खिळा मारूं नये, खाण्याचे पदार्थ ठेवूं नयेत. डबा पारदर्शक असावा व त्यावर खेळाचें नांव स्पष्ट लिहावें. बेवारस वस्तूनें लोकांच्या मनांत भय उत्पन्न होतें. सागरेश्वरासारख्या अभयारण्यांत तर डबा ठेवण्याचा विचारही करूं नये. केवळ लहरी ऐकणारें यंत्र आणि उपग्रहामार्फत निरोप धाडणारें यंत्र यांतील भेदही ओळखावा. दुसऱ्यास आपल्या देशांत सरकारी परवाना लागतो.

हा सारा खटाटोप एका डब्यासाठीं कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर कृष्णाकांठच्या माणसाला देणें कठीण नाहीं. ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलाजवळ पाण्यानें ५७ फुटांची मर्यादा ओलांडली. धोक्याची पातळी तेथें ४५ फूट आहे. अशा वेळीं रस्ते, बांध, मैलाचे दगड सारे पाण्याखालीं जातात. ‘वडाच्या पुढें डावीकडे’ हा पत्ता बाहेरगांवाहून आलेल्या नावाड्याच्या काय कामाचा? अक्षांश-रेखांशाचे दोन आंकडे मात्र पुरांत बुडत नाहींत. पण ते वाचतां, लिहितां आणि दुसऱ्याला चूक न करतां सांगतां आले पाहिजेत. अंश आणि कला यांची गल्लत झाली, तर नाव भलत्याच गांवाला जाईल. १ जुलै २०१३ पासून भारतानेंही स्वतःचे मार्गदर्शक उपग्रह सोडले, आणि त्या योजनेला २०१६ सालीं ‘नाविक’ असें नांव मिळालें. तें नांव येथें किती अन्वर्थक आहे, हें कृष्णेच्या कांठीं वेगळें सांगावयास नको.

संकटाच्या वेळीं विद्या शिकतां येत नाहीं. ती आधींच अंगवळणी पडलेली असावी लागते. मुलांना रविवारीं उद्यानांत न्यावें, दोन आंकडे द्यावे आणि शोधावयास लावावें. विषुवदिन आला म्हणजे अंगणांत १२ अंगुळांची काठीही उभी करावयास सांगावें. छायेनें काढलेला अक्षांश आणि यंत्रानें दाखविलेला अक्षांश जवळजवळ एकच आहेत, हें ज्या मुलानें स्वतः ताडून पाहिलें, त्याला यंत्र बंद पडलें तरी दिशा सांपडेल.