राष्ट्रध्वजाचा मान : इतिहास आणि आचार

ध्वजेचे माहात्म्य जैन श्रावकास नव्याने सांगावयास नको. मंदिराच्या वर्धापनदिनी शिखरावर नवी ध्वजा चढते, तिचा चढावा बोलला जातो आणि तो मान ज्या कुटुंबास लाभतो ते कुटुंब वर्षभर त्याचे स्मरण ठेवते. जुनी ध्वजा कोठेही टाकली जात नाही. ही शिस्त कोणत्याही कायद्याने लावलेली नाही, ती आपल्या अंगवळणी पडली आहे. राष्ट्रध्वजाच्या बाबतीत मात्र भावना उदंड आणि आचार शिथिल, असे चित्र पुष्कळदा दिसते. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रांगणात कायमस्वरूपी ध्वजस्तंभ असावा, अशी अनेक सभासदांची इच्छा आहे. त्या निमित्ताने हा विषय मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

तिरंग्याचा पूर्वेतिहास परदेशातही घडला. 1907 साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथील समाजवादी परिषदेत मॅडम कामा यांनी हिंदुस्थानचा ध्वज फडकविला. पुढे 1921 साली बेझवाडा येथील काँग्रेस समितीच्या बैठकीच्या वेळी पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींपुढे ध्वजाचा नमुना ठेवला. त्यावर चरखा असावा ही सूचना जालंधरच्या लाला हंसराज यांची होती. 1931 साली केशरी, पांढरा व हिरवा हा क्रम ठरला आणि रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही, असे काँग्रेसने त्याच वेळी स्पष्ट केले.

परंतु ध्वजासाठी सामान्य माणसाने तुरुंग पत्करला तो आपल्याच नागपुरात. 1923 साली जबलपूर नगरपालिकेच्या इमारतीवरील ध्वज सरकारने उतरविला आणि त्यातून झेंडा सत्याग्रह उभा राहिला. मे महिन्यापासून नागपूर हे त्याचे केंद्र झाले. ध्वज घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीत, जावयाचे आणि अटक करून घ्यावयाची, एवढाच कार्यक्रम होता. त्यात शस्त्र नव्हते, कोणावर हात उगारणे नव्हते. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून तुकड्या येत राहिल्या व हजाराहून अधिक सत्याग्रही कारागृहात गेले. विनोबा भावे त्यांत होते, कवयित्री सुभद्राकुमारी चौहान होत्या. नेतृत्व होते वर्ध्याचे व्यापारी जमनालाल बजाज यांचे. त्यांना शिक्षा झाली, दंडही झाला. दंड भरण्यास त्यांनी नकार दिल्याने त्यांची मोटार जप्त करण्यात आली, पण लिलावात नागपूरच्या एकाही माणसाने बोली लावली नाही, असे सांगतात. व्यापारी समाज हा केवळ नफ्यातोट्याचा विचार करतो, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य ध्यानात घ्यावा. जमनालालजींच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली आणि ऑगस्टमध्ये त्याच सिव्हिल लाइन्समधून ध्वजाची मिरवणूक निर्वेध निघाली.

22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने पंडित नेहरूंनी मांडलेला ध्वजाचा ठराव संमत केला. चरख्याच्या जागी चक्र आले. 24 आऱ्यांचा संबंध आपल्यापैकी काही जण 24 तीर्थंकरांशी जोडतात. भावना समजण्याजोगी आहे, परंतु ठरावात सारनाथ येथील अशोकाच्या सिंहशीर्षावरील चक्र असा स्वच्छ उल्लेख आहे. व्यासपीठावरून बोलताना आपण तेच सांगावे. 14 ऑगस्टच्या मध्यरात्री हंसा मेहता यांनी भारतीय स्त्रियांच्या वतीने संविधान सभेला ध्वज अर्पण केला.

आश्चर्य असे की, ज्या ध्वजासाठी लोक तुरुंगात गेले तो स्वतंत्र भारतात सामान्य नागरिकास 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर अशा मोजक्या दिवशीच लावता येत असे. नवीन जिंदाल या उद्योजकाने रायगड (आता छत्तीसगडमधील) येथील आपल्या कारखान्यावर रोज ध्वज लावला, तेव्हा अधिकाऱ्यांनी हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. 1995 साली दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे सरकारने समिती नेमून नवी ध्वजसंहिता तयार केली व ती 26 जानेवारी 2002 पासून अमलात आली. 23 जानेवारी 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सन्मानपूर्वक ध्वज फडकविणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, मात्र तो अनिर्बंध नाही. ध्वजाच्या अवमानाबद्दल 1971 च्या कायद्यान्वये तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

आता कापडाविषयी थोडे सविस्तर, कारण आयुष्य त्यातच गेले. कोणत्याही ध्वजाची लांबी व उंची 3:2 या प्रमाणातच हवी. प्रमाणित मापे नऊ आहेत. सर्वांत मोठे 6300 बाय 4200 मिलिमीटर, सर्वांत लहान, टेबलावरचे, 150 बाय 100. चक्र दोन्ही बाजूंनी स्पष्ट दिसावे लागते. बाजारात पट्ट्यांची रुंदी कमीजास्त असलेले, चक्र अंडाकृती झालेले ध्वज सर्रास विकले जातात, आणि आपण कापडाचा ताका चार वेळा उलगडून पाहणारी माणसे ध्वज मात्र न पाहता घेतो! कर्नाटकात हुबळीजवळील बेंगेरी येथे व आपल्याकडे नांदेड येथे खादीचे ध्वज तयार होतात. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने पॉलिएस्टर व यंत्रावर विणलेल्या कापडासही परवानगी मिळाली आणि 2022 च्या ‘हर घर तिरंगा’ मोहिमेत असे ध्वज घरोघरी पोहोचले. पॉलिएस्टर पावसात टिकते व स्वस्त पडते, हे मी नाकारणार नाही. परंतु त्या निर्णयाने बेंगेरीच्या कारागिरांची चूल अडचणीत आली, हेही तितकेच खरे. संहितेत रेशमासही मुभा आहे. कोशातील जिवांची हिंसा करून निघालेले रेशीम अहिंसाधर्मीयांच्या संस्थेने का वापरावे? आपल्या स्तंभावर सुती खादीच असावी, असे माझे नम्र मत आहे.

वंदनाविषयी एक गैरसमज फार रूढ आहे. ध्वजारोहणाच्या वेळी प्रत्येकाने कपाळाला हात लावून सलामी दिलीच पाहिजे, असे नाही. उपस्थितांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान स्थितीत स्तब्ध उभे राहावे, सलामी गणवेशधारकांनी द्यावी, असे संहिता सांगते. पादत्राणे काढण्याचाही नियम नाही. कोणी श्रद्धेने काढतो, ते त्याने खुशाल काढावे. ध्वज चढविताना त्वरेने व उतरविताना सावकाश, अदबीने उतरवावा. घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास हरकत नाही. अनावरणाच्या वेळी कोनशिलेवर किंवा पुतळ्यावर मात्र ध्वज आच्छादन म्हणून कधीही घालू नये. सभेत वक्त्याच्या टेबलावर तो अंथरू नये, मंडपास तिरंगी तोरणे म्हणून लावू नये. व्यासपीठावर स्तंभ असेल तर तो वक्त्याच्या उजव्या हातास असावा. पूर्वी सूर्यास्तापूर्वी ध्वज उतरविणे बंधनकारक होते. जुलै 2022 पासून उघड्यावर तसेच नागरिकाच्या घरावर तो रात्रंदिवस ठेवता येतो.

आपल्या दृष्टीने नाजूक मुद्दा पंचरंगी ध्वजाचा. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवात, 1974-75 साली, सर्व संप्रदायांनी तो एकमुखाने स्वीकारला. म्हणजे तो आणि आपली संस्था जवळजवळ समवयस्क आहेत. पंचपरमेष्ठींचे हे प्रतीक आपणांस प्राणप्रिय आहे. तथापि संहितेनुसार राष्ट्रध्वजाहून उंच, त्याच्या वर किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा ध्वज लावता येत नाही व एकाच काठीवर दोन ध्वज चालत नाहीत. महोत्सवात प्रवेशद्वारापाशी दोन्ही ध्वज शेजारी शेजारी बांधावेत, अशी सूचना आली आहे. ती स्वीकारू नये, असे मला वाटते. शिखरावरील ध्वजा मंदिराची आहे, ती तेथेच शोभते. राष्ट्रध्वजाचा स्तंभ मंदिरापासून दूर, पुढील मोकळ्या अंगणात घ्यावा आणि त्याच्या आसपास पंचरंगी पताका बांधू नयेत. यात कोणत्याही ध्वजाचा मान उणावत नाही.

फाटलेला किंवा विटलेला ध्वज फडकवत ठेवणे हाही अवमानच आहे. तो एकांतात, शक्यतो दहन करून, सन्मानपूर्वक विसर्जित करावा, असे संहिता सांगते. 15 ऑगस्टच्या दुपारी रस्त्यावर पडलेले कागदी ध्वज गोळा करण्याचे काम आपल्या पाठशाळेच्या मुलांकडे द्यावे व वर्षभरात जमलेले जीर्ण ध्वज संस्थेच्या कार्यालयात एका पेटीत स्वीकारावेत. स्तंभासाठी 1800 बाय 1200 मिलिमीटरचे माप अंगणास पुरेसे होईल, आणि पावसाळ्याचा विचार करता एकाऐवजी दोन ध्वज मागवून ठेवणे सोयीचे पडेल.