तांब्यातला एक टक्का : गुंगेरिया ते दायमाबाद

१/ इ.स. १८७०. गोंदिया जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागलेल्या आजच्या बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया गावी गुराखी मुलांना जमिनीतून वर आलेले धातूचे टोक दिसले. तेथून तांब्याची ४२४ अवजारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे बाहेर आले. तांब्याचे वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो.

२/ चपट्या कुऱ्हाडी आणि पहारीसारखी लांब अवजारे हा या निधीचा मुख्य भाग. धातू जवळजवळ शुद्ध तांबे.

३/ दुसरा निधी प्रवराकाठचा. १९७४ मध्ये दायमाबाद (ता. श्रीरामपूर) येथे एका शेतकऱ्याला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार शिल्पे सापडली. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. या धातूत मात्र १ टक्क्याहून जास्त आर्सेनिक आढळले.

४/ वाद इथेच पेटला. म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी शिल्पे उत्तर-हडप्पाकालीन मानली. डी. पी. अग्रवाल यांनी आक्षेप घेतला : अन्य ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण नाही, तेव्हा ही शिल्पे ऐतिहासिक काळातील असावीत.

५/ हे आर्सेनिक येते कुठून? एक वाट खनिजाच्या स्फटिकरचनेतून जाते. ऑलिव्हेनाइट हे तांब्याचे आर्सेनेट, लिबेथेनाइट हे तांब्याचे फॉस्फेट. दोन्ही हिरवी, दोन्ही दुर्मीळ. दोहोंत ऑक्सिजनचे चार अणू चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर बसतात. मध्यभागी एकात आर्सेनिक, दुसऱ्यात फॉस्फरस. ही दोन मूलद्रव्ये आवर्तसारणीत एकाच गणातील, त्यामुळे एकाच्या जागी दुसरे सहज सामावते.

६/ अशी खनिजे तांब्याच्या साठ्याच्या वरच्या, हवापाण्याने झिजलेल्या थरात तयार होतात. प्राचीन खाणकामगाराच्या हाती हाच थर प्रथम लागे. हिरवा दगड कोळशासह भट्टीत घातला की तांब्याबरोबर आर्सेनिकही धातूत उतरे आणि ठोकल्यावर तो धातू अधिक कठीण होई.

७/ मात्र उघड्या हवेत पुन्हा वितळवताना आर्सेनिकचा काही भाग सोमलाच्या विषारी धुरातून उडून जातो. म्हणून शुद्ध तांबे पाहून मूळ खनिज आर्सेनिकविरहित होते, असे ठरवता येत नाही.

८/ धातूत आर्सेनिक सापडणे आणि कारागिराने ते हेतुपूर्वक मिसळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. दायमाबादचा तो एक टक्का वेगळ्या काळाची खूण असू शकतो, तसाच वेगळ्या खाणीचीही. शिल्पांचे वय ठरवताना धातूच्या आकड्याशेजारी मूळ दगडही ठेवावा लागतो.