कालयंत्राची तबकडी आणि ६ जून १६७४

कालप्रवासावरील विज्ञानपटांची चर्चा बहुधा पदार्थविज्ञानाच्या अंगाने होते. भूतकाळात जाता येईल काय, तेथे पूर्वजाचा वध केल्यास वंशजाचे काय होईल, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला खटकणारी सवलत निराळी आहे. नायक यंत्रावर एक तारीख भरतो आणि नेमक्या त्या दिवशी पोहोचतो. ती तारीख कोणत्या कालगणनेतील आहे, हे कोणी विचारीत नाही.

एच. जी. वेल्स यांच्या १८९५ च्या 'द टाईम मशीन' या कादंबरीत यंत्राच्या तबकड्या दिवस, हजार दिवस, दहा लक्ष दिवस अशी मोजदाद करतात. (त्याच कादंबरीत दुसऱ्या एका ठिकाणी त्या थेट इसवी सन दाखवितात, ही लेखकाची गफलत मनोरंजक आहे.) जॉर्ज पाल यांच्या १९६० च्या चित्रपटात मात्र यंत्रावर सरळ दिवस, महिना आणि वर्ष झळकते. प्रेक्षकाला एका दृष्टिक्षेपात कळावे म्हणून केलेली ही सोय पुढे रूढ झाली. 'बॅक टू द फ्यूचर' (१९८५) मधील शास्त्रज्ञ तर येशूचा जन्म पाहण्यासाठी २५ डिसेंबर, वर्ष शून्य अशी नोंद करून दाखवितो. इसवी सनात शून्य वर्षच नाही!

या सवलतीची किंमत आपल्याच परिसरातील उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान असलेल्या कासू येथून एखादा प्रवासी शिवराज्याभिषेक पाहण्यास निघाला आणि त्याने आजच्या दिनदर्शिकेनुसार ६ जून १६७४ ही तारीख भरली, असे समजू. तो रायगडावर पोहोचेल तो बुधवार असेल. सिंहासनारोहणास दहा दिवसांचा अवकाश असेल. महाराजांचे मौंजीबंधनही अद्याप व्हावयाचे असेल. कारण ६ जून ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेतील आहे. इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत वापरली. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, शनिवार, हा दिवस आजच्या ग्रेगोरियन गणनेनुसार १६ जून येतो.

विशेष म्हणजे हा फरक त्या काळातही कुलाबा किनाऱ्यावर प्रत्यक्ष नांदत होता. पोर्तुगालने नवी गणना १५८२ मध्येच स्वीकारली होती. राज्याभिषेकास उपस्थित राहिलेला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन मुंबईहून चौलमार्गे रायगडास गेला. मुंबई इंग्रजांची, तर चौलचे ठाणे पोर्तुगीजांचे. म्हणजे खाडी ओलांडताच तारीख दहा दिवसांनी पुढे सरकत असे आणि गडावर पुन्हा शक व तिथी सुरू होई. कालयंत्राविना घडलेला हा कालप्रवास पटकथाकारांच्या नजरेतून कसा सुटला, याचे नवल वाटते.

याउलट पानिपतची १४ जानेवारी १७६१ ही तारीख ग्रेगोरियनच आहे. एकाच यंत्राने दोन्ही प्रसंग पाहावयाचे तर तबकडीला दोन नियम शिकवावे लागतील. यावरचा उपाय मात्र परका नाही. भारतीय ज्योतिर्गणितात एखाद्या आरंभबिंदूपासून लोटलेल्या दिवसांची संख्या, म्हणजे अहर्गण, वापरतात. मुरूडनजीकच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ च्या आरंभबिंदूवर रचलेल्या 'ग्रहलाघव' या ग्रंथात ही संख्या आटोपशीर राहावी म्हणून अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र योजले. वेल्स यांच्या दिवसमोजणीशी हे तत्त्व जुळते. राज्याभिषेकाच्या दिवसापासून १६ जून २०२४ पर्यंत १,२७,८३५ दिवस होतात. हा आकडा कोणत्याही गणनेत बदलत नाही.

सर्वच सवलती सारख्या दोषास्पद मानता येणार नाहीत. 'बॅक टू द फ्यूचर' मध्ये घड्याळाच्या मनोऱ्यावर वीज पडण्याची वेळ नायकाला एका पत्रकावरून ठाऊक होते. ते पत्रक आणि ते यंत्र एकाच कालगणनेतील असल्याने कथेचा हा भाग पटतो. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत यंत्रच नाही. नायक इतिहासाचे प्राध्यापक आहेत आणि मराठे विजयी झालेल्या दुसऱ्या इतिहासातून परतताना त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान राहते. दोन्हीकडे विश्वसनीयता कागदावर उभी आहे, यंत्रावर नव्हे. 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय!' (२००९) मध्ये महाराज आजच्या मुंबईत येतात आणि बँकेतील कारकुनाशी सहज संवाद साधतात. सतराव्या शतकातील फारसीमिश्रित दरबारी मराठी आजच्या प्रेक्षकाला कितपत उमगली असती, हा प्रश्न तेथे बाजूला ठेवला आहे. तो चित्रपट विज्ञानपट असल्याचा दावा करीत नाही, म्हणून ही सूट मान्य करण्यास हरकत नसावी.

वर्गात मात्र अशी सूट घेता येत नाही. रायगडावर राज्याभिषेक दिन तारखेने आणि तिथीने असा दोनदा साजरा होतो, आणि यांपैकी खरा दिवस कोणता, असे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. त्यांच्यापुढे ऑक्झिंडनचा मार्ग नकाशावर काढावा, मुंबई, चौल आणि रायगड या तीन ठिकाणांजवळ त्या शनिवारची त्या त्या गणनेतील नोंद लिहावी आणि मग प्रवाशाने तबकडीवर काय भरावे, हे त्यांनाच विचारावे.