सेंट लुईचें जुनें न्यायमंदिर

अमेरिकेंतील काउंटी म्हणजे स्थूलमानानें आपला जिल्हा. आणि काउंटीचें न्यायमंदिर म्हणजे त्या गांवाची चावडी, सभास्थान व शोभा हीं तिन्ही एके ठिकाणीं. मिसिसिपी नदीच्या कांठीं सेंट लुई शहरांत असें एक जुनें न्यायमंदिर अद्यापि उभें आहे. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

ऑग्यूस्त शूतो व जॉन लुकास ह्या दोन धनिकांनीं १८१६ सालीं न्यायमंदिराकरितां म्हणून ही जागा दान दिली. (१९३० सालीं न्यायालयें येथून हललीं, तेव्हां अट मोडली असें म्हणून वंशजांनीं जागा परत मागितली, पण दावा टिकला नाहीं. दानपत्रें आणि वंशज ह्यांचें हें नातें आपल्याकडेही अपरिचित नाहीं!) १८२८ सालीं विटांची एक बेताची इमारत झाली. ती अपुरी पडूं लागल्यावर १८३९ सालीं हेन्री सिंगलटन ह्याच्या आराखड्यानुसार नवें काम सुरू झालें. मधोमध वर्तुळाकार मंडप, चार दिशांस चार भुजा आणि दर्शनीं ग्रीक धर्तीचे डोरिक स्तंभ, अशी ती योजना. काम वीस वर्षांहून अधिक रेंगाळलें. मध्यंतरीं स्थपतीही बदलले. अखेर पहिला घुमट काढून विल्यम रंबोल्ड ह्यानें रोमच्या सेंट पीटर मंदिराच्या धर्तीवर लोखंडी सांगाड्याचा उंच घुमट चढविला. एवढा भार दगडविटांऐवजीं लोखंडावर सोंपविणें हें त्या काळीं धाडसच होतें.

परंतु जगास ही इमारत ठाऊक झाली ती घुमटामुळें नव्हे. मिसुरी हें गुलामगिरीचें राज्य. मृत मालकाच्या मिळकतीचा निकाल लावतांना ह्याच न्यायमंदिराच्या पायऱ्यांवर जमीनजुमल्याप्रमाणें माणसांचाही लिलाव होई. आणि ह्याच न्यायालयांत ६ एप्रिल १८४६ रोजीं ड्रेड स्कॉट व त्याची पत्नी हॅरिएट ह्यांनीं आपल्या स्वातंत्र्याकरितां अर्ज केला. मालकानें आपणांस गुलामगिरी नसलेल्या प्रदेशांत नेऊन ठेविलें, तेव्हांच आपण स्वतंत्र झालों, असें त्यांचें म्हणणें. आणि मिसुरीच्या न्यायालयांनीं असे दावे पूर्वी मान्यही केले होते. १८४७ सालीं एक साक्ष ऐकीव ठरली व दावा बुडाला. फेरसुनावणींत, १८५० सालीं, गोऱ्या पंचांनींच त्यांस स्वतंत्र ठरविलें. हें विसरतां कामा नये. खालीं न्याय मिळाला होता, तो वरच्या पायरीवर हिरावला गेला. १८५२ सालीं राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें निकाल फिरविला, आणि ६ मार्च १८५७ रोजीं वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं सांगितलें कीं, आफ्रिकन वंशाचा मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊंच शकत नाहीं. त्याच वर्षीं मे महिन्यांत नव्या मालकानें स्कॉट कुटुंबास मुक्त केलें. पण १८५८ च्या सप्टेंबरांत ड्रेड वारला. १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें.

जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्तीसाठीं झटलेल्या सज्जनांस अर्पण केला, तो ह्याच लढ्याच्या स्मरणानें.

हळहळ वाटते ती एका गोष्टीची. खटला चालला ती खोली आज राहिलेली नाहीं. छतास आधार हवा म्हणून १८५५ सालीं तिच्यांत भिंती घातल्या, आणि मधल्या जागेचा जाण्यायेण्याचा मार्ग झाला. १९४० पासून इमारत राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे. २०१२ पासून तिच्या आवारांत ड्रेड व हॅरिएट ह्यांचे पुतळे शेजारीं शेजारीं उभे आहेत.