हुडकेश्वरचा एक रविवार : झटक्यापासून धडकेपर्यंत

सकाळी 8.00
हुडकेश्वरच्या एका लेआउटमध्ये दोघे भाऊ रिमोटची बग्गी धुतात. 1:10 मापाची, सेकंडहँड, 27 मेगाहर्ट्झची. चिखल निघावा म्हणून थोरला मोटर ब्रशने खसाखसा घासतो. मोटरच्या टोकांवर, ठिणग्यांचा गोंगाट दाबायला, ‘104’ लिहिलेला बारीक कपॅसिटर सोल्डर केलेला आहे. त्याचा एक पाय बहुधा याच वेळी तुटला. मी पोचलो संध्याकाळी. दिवसाचा क्रम पोरांच्या आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून जुळवला आहे.

सकाळी 10.30
घरातली चाचणी. गाडी विटेवर, चाकं हवेत, रिमोट हाताच्या अंतरावर. सगळं उत्तम चालतं. इतक्या जवळून रिमोटचा सिग्नल एवढा जोरकस असतो की मोटरच्या ठिणग्यांचा गोंगाट त्याखाली दबून जातो.

दुपारी 12.15
रिकामा प्लॉट. वीसेक पावलांवर गाडी गेली की पुढची चाकं थरथरतात. धाकट्याचं निदान तयार असतं : “टॉवरमुळं होऊन राहिलं हे!” टॉवरला सगळेच दोष देतात, पण मोबाइलचे सिग्नल शेकडो मेगाहर्ट्झच्या वरचे आणि ही गाडी 27 वर ऐकणारी.

थोरल्याचा संशय जास्त शहाणा होता. जवळपास कुणी त्याच क्रिस्टलवर, म्हणजे त्याच चॅनलवर, दुसरी गाडी चालवत असेल तर? 26.995 पासून 27.255 पर्यंत सहा ठरलेले चॅनल आहेत. एकाच चॅनलवर दोन रिमोट आले की गाडी कुणाचंच धड ऐकत नाही. त्याने रिमोट आणि रिसीव्हर दोन्हीकडची क्रिस्टलं बदलली. थरथर तशीच राहिली.

उत्तर इथेच हाताशी आलं होतं. परक्या रिमोटचा त्रास चॅनल बदलल्यावर जातो. मोटरच्या ब्रशमधली ठिणगी मात्र एका चॅनलवर बोलत नाही; तिचा गोंगाट सगळ्या पट्ट्यात पसरतो.

दुपारी 2.00
रिमोटमध्ये नवे सेल, एरियल पूर्ण बाहेर. आता गाडी चाळीस पावलांपर्यंत ऐकते. दिवसातली सगळ्यात घातक गोष्ट मला हीच वाटते. दोष जिथल्या तिथे होता, फक्त दूर ढकलला गेला, आणि पोरांना वाटलं की दुरुस्ती झाली.

दुपारी 4.40
एक चाचणी राहूनच गेली. मोटरची वायर काढायची, कुणीतरी गाडीपाशी थांबायचं, दुसऱ्याने रिमोट घेऊन दूर जायचं आणि फक्त स्टिअरिंग हलवायचं. चाकं शांत राहिली तर दोष मोटरचा. थरथरली तर बाहेर शोधायचं. पाच मिनिटांचं काम.

संध्याकाळी 5.10
गाडी प्लॉट ओलांडून रस्त्याच्या कडेला जाते. थोरला थ्रॉटल सोडतो. ती थांबत नाही. अंतर वाढल्यामुळे रिमोटचा सिग्नल क्षीण, मोटरचा गोंगाट मात्र रिसीव्हरच्या शेजारीच. जुना रिसीव्हर त्या गोंगाटालाच हुकूम समजतो. सिग्नल बिघडला की थ्रॉटल बंद करणारी फेलसेफची सोय या गाडीत नव्हती. नव्या 2.4 गिगाहर्ट्झच्या बहुतेक संचांत ती असते, पण तीही नीट लावून घ्यावी लागते.

ताबा सुटलेलं यंत्र मागून आवरणं किती कठीण, हे 16 ऑगस्ट 1956 ला कॅलिफोर्नियात दिसलं होतं. रेडिओचं न ऐकणारं वैमानिकाविना हेलकॅट विमान पाडायला दोन लढाऊ विमानांनी 208 रॉकेटं सोडली. एकही लागलं नाही. खाली झाडोरा पेटला. हेलकॅट इंधन संपल्यावर आपणच वाळवंटात कोसळलं.

इथे बग्गी थेट एका सायकलच्या पुढच्या चाकाखाली गेली. शाळकरी मुलगी पडली. मनगट मोडलं.

रात्री 8.00
मुलीला प्लास्टर घालून घरी आणल्यावर आम्ही मोटर उघड्यावर घेतली. कपॅसिटरचा तुटलेला पाय नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. दोन-पाच रुपयांचे तीन कपॅसिटर सोल्डर केले : एक दोन टोकांमध्ये, उरलेले प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या खोळीपर्यंत. मग बंद गल्लीत गाडी विटेवर ठेवली, मोटर चालू केली आणि थोरल्याला एरियल मिटवून चालत जायला सांगितलं. तो गल्लीच्या टोकाला पोचला तरी चाकं सरळ होती.

“काका, हे दुपारीच करता आलं असतं,” तो म्हणाला. आलं असतं. दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन त्या मुलीच्या घरी गेला.