मुंगी नव्हे, वाळवी!

पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या, की संध्याकाळी दिव्याभोवती पंखांच्या किड्यांचा थवा जमतो आणि सकाळी खिडकीखाली पंखांचा खच पडलेला दिसतो. मुंग्यांना पंख फुटले, असे म्हणून हा केर झाडून टाकला जातो. प्रत्यक्षात हे बहुधा वाळवीचे नर-मादी असतात. वाळवीला पांढरी मुंगी म्हणत असले, तरी तिचे नाते मुंगीशी नसून झुरळाशी आहे.

एखादा किडा भिंगाखाली धरल्यास फरक कळतो. वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे असतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांहून मोठे. वाळवीच्या स्पृशा, म्हणजे मिशा, मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात. मुंगीच्या कोपरात वाकलेल्या. मुंगीची कंबर अगदी बारीक, वाळवीला मात्र कंबर अशी नसतेच. पंख दोघीही टाकतात, त्यामुळे नुसता खच पाहून निष्कर्ष काढू नये.

किडे बाहेरून दिव्याकडे आले असतील, तर काळजीचे कारण नाही. त्यांतील बहुतेक पाली आणि पक्ष्यांचे भक्ष्य होतात. दाराच्या चौकटीतून किंवा भिंतीच्या फटीतून ते बाहेर पडताना दिसले, तर मात्र वसाहत घरातच किंवा पायाखाली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या शोधाव्यात, चौकट ठोकून पोकळ आवाज येतो का पाहावे. कोरड्या लाकडातील वाळवी नळ्या बांधत नाही. तिची रव्यासारखी विष्ठा फर्निचरखाली सांडलेली आढळते. उडते किडे फवारा मारून संपवण्यात अर्थ नसतो, कारण लाकूड पोखरणारी कामकरी वाळवी आतच राहते.